हुडहुडी आणि देवी

"देवीले मलेरिया होत नाई, बाई. तुमाले झाला हाये," गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला राग यायचंही भान नव्हतं.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचं साल असेल. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासला होता. फाल्सिपेरम, म्हणजे मेंदूत चढणारा मलेरिया. "अजून उशीर केला असता तं हातची गेली असती," ते माझ्या सासूबाईंना म्हणाले.

उशीर का झाला ते सांगते. हसा खुशाल, मीही हसते. आरमोरीकडच्या आमच्या गावात दर मंगळवारी माझ्या अंगात देवी यायची. केस सोडून, निंबू दातांत धरून मी घुमायची. कुणी विचारलं, "माय, बकरी कुठी गेली?" की ठसक्यात सांगायची, "उगवतीले पाहा." बकऱ्या काय, चारही दिशांना चरतात. सासूबाई मंगळवारी मला माय म्हणायच्या आणि बुधवारी शेण काढायला लावायच्या. तो बुधवार मला फार लागायचा.

त्या पावसाळ्यात मंगळवार नसतानाच हुडहुडी भरली. दात वाजू लागले. लोक म्हणाले, देवी आली. शहाणीनं मीही मान हलवली! डफडं आलं, ओटी भरली. घाम फुटून ताप उतरला, की देवी गेली. एक दिवसाआड हेच. काय कडक देवी आपली, म्हणून ऊर भरून यायचा. पण मी सासूबाईंनाच ओळखेना, तेव्हा त्यांनी डफडं थांबवलं अन् बैलबंडी जुंपायला लावली.

सलाईनची सुई पाहून मी ओरडले म्हणे, "देवीले टोचता काय रे!" त्यावर डॉक्टरांचं ते उत्तर.

सलाईनमधून क्विनीन दिलं. त्यानं कानात रातकिडे बसल्यासारखं वाजतं, कुणाला दिलं तर घाबरू नका. पडून राहायचं, थेंब बघायचे. कूस बदलवत नव्हती. अंथरुणात झालेलं सासूबाई पुसायच्या. हेच का ते अंग, देवी बसायची ते?

एका दुपारी सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, देवी गेली काय अंगातून?"

"गेली तं गेली. तू राह्यली ना." आणि पेजेची वाटी तोंडाला लावली.

तोंड वळवून रडले. छातीत काहीतरी संथ ठोके देत चाललं होतं, डफड्याशिवाय. मी बरळत होते तेव्हाही ते चाललंच होतं. त्याला मी कधी हात जोडले नव्हते. आत्याबाईंच्या आतही तेच होतं, बुधवारीसुद्धा.

घरी आल्यावरही थकवा कित्येक महिने गेला नाही. एक घागर आणली, की ओट्यावर बसून राहायची. मंगळवार यायचे, जायचे. लोक वाट बघून घरी जायचे.

मग एक बाई थंडीनं कापणारी पोर घेऊन आली. "माय, देवीले बोलाव," म्हणून माझ्या पायाशी वाकली. मीही तिच्या पायाशी वाकले. डोकी अशी आपटली, की पोर तापातही हसली.

"तुझ्यातबी हाये ते," कपाळ चोळत, तिच्या छातीकडे बोट करत मी म्हणाले. "पण पहिले पोरीचं रक्त तपासू. चाल, मी येते संग."