मेडिकल बोर्डापुढे ताई

सत्तरच्या दशकाच्या शेवटी माझी थोरली बहीण आमच्या बेटावरच्या व्हाकोआ गावातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मराठी शिकवत असे. तिशी ओलांडली आणि तिचा तोल जाऊ लागला. फळ्याकडून टेबलाकडे येताना ती भिंतीला हात लावी. कोपऱ्यावरच्या दुकानात बायका तिथल्या क्रिओल बोलीत कुजबुजू लागल्या, ‘ली ब्वार’, म्हणजे ही पिते. आमचे वडील रोज संध्याकाळी त्याच दुकानात रम घेत. त्यामुळे लोकांना वेगळं कारण शोधावं लागलं नाही.

फ्रान्सहून काही दिवसांसाठी आलेल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूचा निरोप पायांपर्यंत नीट पोचत नाही, असं ताईने आईला समजावलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि वात झालाय असं ठरवलं.

पालकांच्या तक्रारी गेल्या आणि ताईला राजधानीत, पोर्ट लुईला, मेडिकल बोर्डाचं बोलावणं आलं. नोकरी राहणार की जाणार, हे तिथे ठरणार होतं. मामा म्हणाले, आपल्या जातीच्या पुढाऱ्याला भेटू. बदली असो की इस्पितळातली खाट, कामं अशीच होत.

“त्यांना माझे पाय बघायचेत मामा, जात नाही,” ताई म्हणाली.

आमच्या घरी कोणी महत्त्वाच्या कामाला निघालं की आई त्याला तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घाले. जानेवारी म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळा; तरी त्या सकाळी, पाय मोकळे व्हावेत म्हणून, तिने पाणी नेहमीपेक्षा जास्त तापवलं. न्हाणीतून ताईला धरून बाहेर आणावं लागलं. बोर्डाने तिला खिडकीपर्यंत चालायला सांगितलं. ती अर्ध्यातच खाली बसली. सहा महिन्यांनी पुन्हा तपासू, तोवर शाळेत जायचं नाही, असं ठरलं.

ते फ्रेंच डॉक्टर पुन्हा आले, तेव्हा उष्णतेने या आजारात पाय जास्त लुळे पडतात हे कळलं. ताईने आईला ते भाजी निवडताना सांगितलं, तेही इतकंच: “लहानपणी गार पाण्याने न्हायचा हट्ट करायचे, तू ऐकायची नाहीस. आता ऐक.” निवडून झालेला पाला आईने पुन्हा निवडायला घेतला.

जुलैत, ऐन थंडीत, आम्ही चौघं गेलो. या वेळी आईने न्हाणीचं पाणी तापवलं नव्हतं. वडील बाहेर बाकावर बसले. ताई खिडकीपर्यंत गेली, जराशी झुकत, आणि परत आली. मोठ्या डॉक्टरांनी क्रिओलमध्ये विचारलं, बाई दारू घेते का?

ताईच्या आधी आईच बोलली. “नाही डॉक्टर. पितो हिचा बाप. तो अगदी सरळ चालतो.”

डॉक्टरांनी हसू आवरलं. ताईला आवरलं नाही. नोकरी राहिली, वर्ग तळमजल्यावर हवा आणि शिकवताना बसायला खुर्ची हवी, असा शेरा मिळाला.

आई आत काय म्हणाली, ते वडिलांना कोणी सांगितलं नाही. व्हाकोआला बसमधून उतरताना ताईने त्यांचा दंड धरला आणि दुकानावरून जातानाही सोडला नाही. दारातल्या बायका बघत राहिल्या. त्यांना वाटलं असेल, लेक बापाला सावरून नेते आहे.