अण्णाचा वेगळा तांब्या

बाळांनो,

मागच्या आठवड्यात तुमच्यातल्या धाकट्याचं पत्र आलं. सोबत फोटो होता. हातात चामड्याचे फुगीर ग्लव्हज, डाव्या डोळ्याखाली काळंनिळं, आणि चेहऱ्यावर हसू. मागे लिहिलं होतं, ‘आज्जी, घाबरू नकोस. ही खरी लढत नाही, नुसता सराव आहे.’ मी फोटो उलटा करून टेबलावर ठेवला. हेच वाक्य मी पूर्वी ऐकलं आहे, माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून. त्याच्याविषयी मी तुमच्या आईवडिलांनाही कधी पुरतं सांगितलेलं नाही. आता ते मनात ठेवून चालणार नाही. तुम्हा चौघांनाही एकदमच लिहिते, म्हणजे एकट्याला रागे भरल्यासारखं होणार नाही.

आमचं माहेर निपाणीचं. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तंबाखूची वखार होती. घर जैनाचं, त्यामुळे पाणी गाळून प्यायचं आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं. इंग्रजी शिक्षणासाठी आधी अण्णाला आणि दोन वर्षांनी मला बेळगावला मामांकडे ठेवलं. मामा खासबागेत राहत. त्यांच्या घरामागेच तालीम होती आणि अण्णा पहिल्या महिन्यापासून तिथे जाऊ लागला. आप्पांनी त्याला आडकाठी केली नाही. ‘कुस्तीत धरत्यात, मारत न्हाईत,’ असं ते म्हणत.

त्या तालमीतल्या दोन गोष्टी तुम्हाला सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यातूनच झालं. एक म्हणजे, समोरच्याने तुमच्या हातावर लाल माती ठेवली की त्याच्याशी कुस्ती धरायला नाही म्हणायचं नाही. दमलेले असा, ताप असो, तो सहावा गडी असो, उतरायचं. दुसरी गोष्ट कानांची. पैलवानाचे कान मातीत रगडून मोडतात, सुजतात, आणि मग गाठ धरून कडक होतात. तो मान समजला जाई. अण्णाचे कान मोडले तेव्हा वस्तादांनी पेढे वाटले होते. कान एकदा कडक झाला की पुन्हा दुखत नाही, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. अंगाचं जे मोडतं ते आणखी कणखर होतं, असा तिथला साधा हिशेब होता.

मॅट्रिक झाल्यावर अण्णा कॅम्पात, पलटणीच्या रेशनच्या कोठारात कारकून लागला. तिथल्या एका गोऱ्या सार्जंटाने त्याची कुस्ती पाहिली. हा सार्जंट पलटणीतल्या बॉक्सरना तयार करत असे. पुण्याच्या सामन्यांआधी त्यांना ठोसे मारायला कोणीतरी जिवंत माणूस लागे, जो पडणार नाही आणि नाही म्हणणार नाही. अण्णा दोन्हींत बसला.

वस्तादांना त्याने विचारलं तेव्हा मी मामींबरोबर तालमीकडच्या मागच्या ओसरीवर तांदूळ निवडत होते.

‘डोस्क्यावर मारत्यात व्हय रं?’ वस्तादांनी विचारलं.

‘व्हय. पर हातात गादीगत मोजे असत्यात.’

‘मग काय हाय त्यात. कानागत डोस्कंबी कडक हुतंय. लई लागलं तर हळद लाव.’

मीही तिथेच बसले होते. इंग्रजी पाचवीत शरीरशास्त्राचा धडा शिकलेली. मलाही ते पटलं. आप्पांना मात्र काही कळवायचं नाही, असं ठरलं.

एकदा मामा मला कॅम्पात घेऊन गेले. सकाळची वेळ होती. कुंपणाबाहेर वडाखाली आम्ही उभे राहिलो. चार खांबांना दोर बांधून केलेल्या चौकात अण्णा उभा होता आणि त्याच्यासमोर एकामागून एक गोरे सोल्जर येत होते. घंटा वाजली की जुना बाहेर, नवा आत. अण्णा तोच. मला वाटलं होतं, सराव म्हणजे दाखवल्यासारखं मारत असतील. मग आवाज ऐकला. ओली चादर दगडावर आपटावी तसा तो आवाज होता, आणि तो माझ्या भावाच्या डोक्यातून येत होता. सार्जंट बाहेरून आणखी जोराने मारायला सांगत होता. मामांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी विचारलं, ‘काय म्हणतोय गं?’ मी म्हटलं, ‘शाबास म्हणतोय.’

चौथ्या गड्यानंतर अण्णा भलत्याच कोपऱ्यात गेला आणि त्या सोल्जरच्या स्टुलावर बसला. सगळे हसले. तोही हसला. मग उठून आणखी दोघांशी खेळला.

परतताना टांग्यात त्याने मला विचारलं, ‘तू कवा आलीस गं?’

मी सांगितलं. काकतीच्या वाटेला लागलेली बैलगाड्यांची रांग ओलांडेपर्यंत त्याने तेच तीनदा विचारलं. मामा म्हणाले, ‘ठोसं खाऊन भाच्याला पेंग आली.’ आम्ही खूप हसलो. घरी गेल्यावर मामींनाही तो किस्सा सांगितला, आणि पुढे कित्येक दिवस ‘तू कवा आलीस गं’ ही आमच्या घरातली चेष्टा झाली.

मी त्याला एकदा म्हटलं होतं, इतका मार कशाला खातोस. तेव्हा तो म्हणाला, ‘अगं, ही खरी लढत न्हवं. नुसता सराव.’ आणि ते खरंच होतं. सात वर्षांत त्याने जाहीर सामना एकच केला, तोही हरला. पुण्याहून चषक घेऊन आलेल्यांच्या फोटोत तो कुठेही नाही. त्याच्या डोक्यावर जे बसलं ते सगळं सरावातलं.

पुढे सार्जंट बदलून गेला, अण्णा निपाणीला परत आला आणि एका शाळेत ड्रिल मास्तर झाला. त्याचं लग्न झालं. माझंही झालं, आणि सासर निपाणीतच, दोन गल्ल्या पलीकडे मिळालं. मुलं त्याच्यामागे असत. रस्त्यात दिसला की लांबूनच पाय आपटून सलाम ठोकत. ती नोकरी हा त्याचा जीव होता.

पस्तिशीच्या आसपास त्याची जीभ जड झाली. बोलताना शब्द एकमेकांवर चढत. उजवा पाय किंचित ओढला जाई. शिट्टी धरताना बोटं थरथरत. शांत माणूस, पण एकदा आमटीत मीठ कमी पडलं म्हणून त्याने ताट भिंतीवर मारलं, आणि तासाभराने विचारलं की भिंतीला काय सांडलंय.

चुलते म्हणाले, ‘आमच्यात पाणीबी गाळून पित्यात, आणि हे चिरंजीव न गाळताच पितंय.’

वहिनी आतून म्हणाली, ‘त्यांनी तोंडाला लावलेली न्हाय.’

तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. मीही नाही. कॅम्पात सात वर्षं काढलेला माणूस, अडखळती चाल, जड जीभ. मला दोन आणि दोन चार दिसले. मी एक वही केली. वर लिहिलं, ‘अण्णाच्या पिण्याविषयी नोंदी’, आणि वार, वेळ, काय दिसलं ते मांडायला लागले. त्याला शुद्धीवर आणायचं तर पुरावा हवा, असं मला वाटे. एकदा मी त्याला तोंड उघडायला लावलं. लवंगेचा वास आला. वास लपवायला लवंग खातो, असं मी वहीत लिहिलं. वहिनी त्याला जीभ हलकी व्हावी म्हणून लवंग देत होती; मी तिला कधी विचारलंच नाही.

आईने त्याचा तांब्या आणि ताट वेगळं केलं. तांब्या न्हाणीघराच्या कोनाड्यात गेला. अण्णाने एकदा स्वयंपाकघरात तांब्यासाठी हात पुढे केला, आई म्हणाली, ‘तुझा तिकडं हाय.’ तो तिकडे गेला.

मग शाळेत तो प्रकार झाला. कवायत चालू होती. अण्णा ‘लेफ्ट, राइट’ म्हणत होता आणि त्याला ‘हॉल्ट’ हा शब्द आठवेना. मुलं चालत मैदानाच्या टोकाला गेली, कुंपणाला भिडली आणि तिथेच उभी राहून पाय आपटत राहिली. तो म्हणत राहिला, ती आपटत राहिली. हेडमास्तरांनी येऊन घंटा वाजवली तेव्हा थांबलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कमिटीचे सेक्रेटरी घरी आले. आप्पांनी मला बोलावून घेतलं. सेक्रेटरी म्हणाले, ‘बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, खोटं सांगणार नाही. मास्तर पितात का?’ अण्णा समोरच बसला होता. मी पिशवीतून वही काढली आणि त्यांच्या हातात दिली.

त्यांनी चार पानं वाचली, मिटली, परत दिली. नोकरी त्याच आठवड्यात गेली.

ते गेल्यावर अण्णा माझ्यावर रागवेल म्हणून मी उभी होते. त्याने वही मागितली. हळूहळू वाचली. मग म्हणाला, ‘मला तर आठवत न्हाय गं. पर तू लिवलंयस म्हंजे खरंच असंल.’

पिणारा माणूस नाकारतो, भांडतो, शपथा घेतो. हा माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून स्वतःवर आळ घेत होता. तरीही मी वही परत घेऊन पिशवीत ठेवली. दोन दिवसांनी तो बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, गेला, भगवंतांच्या मूर्तीपुढे आयुष्यात न घेतलेली दारू सोडल्याचा नेम केला आणि उपास धरला. महिन्याभरात जीभ आणखी जड झाली, आणि घरच्यांनी ठरवलं की नेमही मोडला.

मला मात्र ते पटेना, म्हणून मी त्याला बेळगावला नेलं. कॅम्पात एक म्हातारे गोरे डॉक्टर होते, पलटणीतून निवृत्त होऊन तिथेच राहिलेले. मी वहीतल्या नोंदी त्यांना इंग्रजीतून वाचून दाखवल्या. चार-पाच पानं झाल्यावर त्यांनी हात वर केला आणि विचारलं, ‘हा बॉक्सिंग करत होता का?’

मी म्हटलं, ‘लढत एकच. बाकी नुसता सराव.’

‘किती वर्षं? दिवसाला किती माणसं?’

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. अण्णाला डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, तो कलंडला. बोट नाकाला लावायला सांगितलं, ते गालाला लागलं. मग ते माझ्याशी इंग्रजीत बोलले. त्यांच्या देशात जत्रांमध्ये पैजेने लढणारी माणसं म्हातारपणी अशीच झालेली त्यांनी पाहिली होती, आणि त्यांतली काही थेंबही न घेणारी होती. डोक्याच्या आत जे मोडतं ते कडक होत नाही, ते तसंच राहतं आणि वाढत जातं. यावर औषध नाही. वही माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, ‘नोंदी उत्तम आहेत. मथळा तेवढा चुकला आहे.’

अण्णाने विचारलं, ‘काय म्हंत्यात?’

मामांना मी एकदा चुकीचं भाषांतर करून दिलं होतं. या वेळी निम्मंच केलं. ‘म्हणतात, हे दारूनं झालेलं नाही. ठोशांनी झालंय.’

‘म्हंजे मी पीत न्हवतो?’

‘न्हाय अण्णा. कधीच नाही.’

त्याचा चेहरा खुलला. इतका खूश झालेला मी त्याला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. ‘बघ,’ तो म्हणाला, ‘आईला सांग. तुझ्या वहिनीला तर आदी सांग.’ परतीच्या मोटारीत निपाणी येईपर्यंत तो तेच सांगत होता, आणि दर थोड्या वेळाने मला विचारत होता, डॉक्टर काय म्हणाले. मी दर वेळी सांगितलं. दर वेळी तो नव्याने खूश झाला.

घरी गेल्यावर मी कोनाड्यातला तांब्या घासला आणि स्वयंपाकघरात सगळ्यांच्या तांब्यांशेजारी ठेवला. आई पाहत होती. तिने पदर तोंडाला लावला. वहिनी म्हणाली, ‘मी सांगितलंच हुतं,’ आणि पीठ मळत राहिली. डॉक्टरांची चिठ्ठी मी कमिटीला दिली, सोबत माझी नोंद चुकीची होती असं लेखी दिलं. कमिटीने ते पुस्तकात लिहून घेतलं. नोकरी परत देण्यासारखा तो राहिला नव्हता. शेवटची तीन वर्षं वहिनीने त्याला घास भरवले. स्वातंत्र्याच्या आदल्या पावसाळ्यात तो गेला. तेव्हा तो मला ओळखत नव्हता, पण पाय आपटल्याचा आवाज आला की मान सरळ करत असे.

धाकट्या, तुला कुठली शपथ घालत नाही. तुझ्या मास्तरांना एवढंच विचार, की सरावात डोक्यावर किती बसतात आणि ते कोण मोजतं. त्यांनी काय उत्तर दिलं ते मला कळव.

वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. मथळा मी खोडलेला नाही, त्याखाली डॉक्टरांचं वाक्य लिहून ठेवलं आहे. आणि अण्णाचा तांब्या स्वयंपाकघरात आहे, इतर भांड्यांबरोबर. मी त्यातूनच पाणी पिते.