सासऱ्यांसमोरचा पहिला शब्द

शिक्क्याच्या शाईचा वास आला की जळगाव जामोदच्या कचेरीबाहेरचं वकिलाचं टेबल आठवतं. शेवटच्या आजारात श्वासाचं मशीन लावू नका, घरीच ठेवा, असा कागद सासऱ्यांनी तिथं केला आणि ते ठरवणारी म्हणून माझं नाव घातलं. "पोरं काऊन नाही?" वकिलानं विचारलं. "पोट्टे रडतीन अन् मशीन लावतीन. सून ऐकन माह्यं." मी पदराआडून मान हलवली. "तोंडानं सांगा, बाई." लग्नानंतर बारा वर्षं मी सासऱ्यांसमोर बोलले नव्हते. "हाव," म्हटलं. सासरे हसले, "आवाज हाय ना हिले!" पुढं दवाखान्यात ते बेशुद्ध असताना त्यांची मुलं मशीन लावा म्हणाली, तेव्हा मी कागद डॉक्टरांपुढं ठेवला. "घरी न्या त्याईले," मी म्हटलं. घरी तीन दिवस मी त्यांच्या बाजेजवळ बसून बोलत राहिले. त्यांना ऐकू गेलं का, मला अजून माहीत नाही.