मोताळ्याचं स्थळ आणि रेणूचं विमान

मेहकरहून मोताळ्याला जायचं म्हणजे बुलढाणा जिल्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथा घालावा लागतो. सकाळची चिखलीची बस मी धरली ती अक्काच्या धाकाने. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती स्टँडवर सोडायला आली होती. मी खिडकीत बसल्यावर सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात खालून म्हणाली, "तठी (तिथे) लय बोलू नको. ते इचारतीन तेवढंच सांग. तुह्या तोंडानं आजवर एक काम सरळ झालं नाई."

"मंग तूच जा," मी म्हणालो.

"मी गेली असती तर आतापर्यंत पत्रिका छापायले गेल्या असत्या," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

काम असं होतं. माझी मुलगी रेणू बंगळूरला विमानाच्या एका संस्थेत नोकरी करते. अक्काने तिच्यासाठी मोताळ्याचं स्थळ काढलं. मुलगा नीलेश, कॉम्प्युटरचं काम घरी बसूनच करतो. दोघांचं फोनवर बोलणं झालं होतं आणि जमलंही होतं. आता मोठ्या माणसांनी घर पाहायचं तेवढं राहिलं होतं. घाई एवढ्यासाठी की गेल्या होळीच्या तोंडावर रेणूची आई गेली. घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. आणि आता मार्गशीर्ष लागला होता.

निघायच्या आदल्या दिवशी रेणूचा फोन आला. "बाबा, घर, वावर काई पाहू नका. एकच इचारा. माही नोकरी चालन का."

मी सातवी शिकलेला माणूस, जन्म वावरात गेला. रेणू तिथे नेमकं काय करते हे मला कधी नीट कळलं नाही. तिच्या आईलाही कळत नसेल, पण ती रोज विचारायची. मला एवढंच माहीत, की आपल्या देशाचं स्वतःचं मोठं प्रवासी विमान अजून नाही, आणि ते व्हावं म्हणून जी माणसं खपतात त्यांच्यात एका कोपऱ्यात माझी पोरगी आहे. पण ते होईल का? मोताळ्याच्या पाहुण्याने हेच विचारलं तर काय सांगायचं? म्हणून मी ठरवलं, वाटेत जो भेटेल त्याला विचारत जायचं.

पहिला भेटला तो शेजारच्या सीटवरचा फौजी. निवृत्त झालेला, पण स्वेटर अजून खाकीच. नोकरीची शेवटची वर्षं त्याने विमानात सामान चढवण्यात काढली होती.

"भाऊ, अख्खं वऱ्हाड बसन येवढं विमान आपल्या देशाले करता येते का?" मी विचारलं.

माणूस भला होता. हसला नाही, खिडकीबाहेर पाहत विचार करू लागला. बाहेर तुरीला शेंगा धरल्या होत्या आणि हरभरा बोटभर वर आला होता.

"लढाईचं करतो आपण," तो म्हणाला. "पण त्याच्यात बसणारा मरायले तयार होऊन बसते. सवारीच्या विमानात बाया-लेकरं बसतेत, अन् ते घरी जायले बसतेत. तठी एक चूक बी चालत नाई. होईन, काऊन (का) नाई होणार? पण दम पाहिजे. आपल्याले दम नाई."

पुढच्या सीटवर एक भाजीवाली टोपल्या सांभाळत बसली होती. ती मागे वळून म्हणाली, "विमानाचं मंग पाहा. आमच्या गल्लीतल्या नालीवर पहिले फरशी टाकून द्या."

"मावशी, विमानवाले येगळे अन् नालीवाले येगळे," कंडक्टर म्हणाला.

"मले सारे सारखेच. मतं मागायच्या टायमाले सारेच येतेत."

बस हसली. फौजीही हसला. मला मात्र वाटलं, बाई चुकीचं बोलली नाही.

चिखलीला उतरलो. स्टँडवर आलुबोंडे तळणं चालू होतं, पण बुलढाण्याची बस लागलेली होती. नुसता चहा घेतला आणि बसमधूनच रेणूला फोन लावला.

"तू तठी करते तरी काय, ते एकदा मले समजन असं सांग."

"मोडते, बाबा."

"काय मोडते?"

"पंखाचा तुकडा. तयार करतो, त्याच्यावर भार टाकत जातो, मोडेपर्यंत. कुठून मोडला, किती भारावर मोडला, ते पाहतो. मंग दुसरा करतो, तो बी मोडतो."

"अन् पगार?"

"मोडायचाच तर भेटते."

मग तिने मला समजावलं. लहान विमानं आपल्याकडे होतात. मोठ्याचं गणित वेगळं. त्याचं इंजिन करणारे सगळ्या जगात मोजके, ते सुरुवातीला विकतच घ्यावं लागेल. विमान उभं करणं एक, आणि ते पावसात, वाऱ्यात, एक इंजिन बंद पडल्यावरही माणसं सुखरूप उतरवील हे दाखवून देणं दुसरं. त्यातच वर्षानुवर्षं जातात. त्यानंतर आपलं नवंकोरं विमान पहिलं विकत घ्यायला कोणी धजावलं पाहिजे.

"पण हे सारं जमण्यासारखं आहे, बाबा. जमत नाई ते एकच. माणसं टिकत नाईत. शिकले का चालले. कोनी बाहेरदेशी, कोनी जास्त पगारावर. त्यानं डोक्यात ठेवलेलं त्याच्यासंगं जाते. नवा येते अन् पहिल्यापासून मोडायले बसते."

"तुह्या हयातीत होईन का?"

"सांगता नाई येत," ती म्हणाली. पोरगी माझीच आहे. गोड करून सांगायचं तिला येत नाही.

बुलढाण्याला हवा गार लागली. जिल्ह्याचं गाव डोंगरावर आहे, भर दुपारीही लोक उन्हाला पाठ देऊन उभे होते. तिथून मोताळ्याला काळीपिवळी (वाटेत सवाऱ्या घेणारी जीप) मिळाली. राजूर घाटात एका वळणावर कापसाने भरलेला ट्रक आडवा होऊन बसला होता. ना पुढे जाता येत होतं ना मागे. सगळे खाली उतरलो. घाटातून खाली पाहिलं तर सपाट मुलूख पार क्षितिजापर्यंत पसरलेला, मधे मधे कापसाची वावरं फुटून पांढरी झालेली. मी आमच्या काळ्या चढउताराच्या रानातला. एवढी सपाटी पाहिली की मला उगाच मोकळं वाटतं.

पोटात मात्र आग पडली होती. रेणूची आई संगं असती तर फडक्यात दशम्या (दुधात पीठ मळून केलेल्या भाकऱ्या) बांधून आणल्या असत्या, आणि मी "कायले ओझं आणलं" म्हणून कुरकुर करून त्यातल्या चार खाल्ल्या असत्या.

जीपवाल्यालाही विचारलं. तो बोनेटवर बसून तंबाखू मळत होता. "करतीन, आबा. विमानाले घाट नाई लागत, तेवढं त्याचं सोपं आहे. पण तिकीट काय राहीन ते पाहा. माह्या जीपीत लोकं भावावरून भांडतेत."

ट्रक निघाला तोवर दुपार कलली. मोताळ्यात वसंतराव, म्हणजे नीलेशचे वडील, फाट्यावर येऊन वाट पाहत उभे होते. माझ्याहून थोडे लहान, अंगाने भरलेले, बोलायला मोकळे. घर पाहू नका म्हटलं होतं तरी पाहिलंच. स्वच्छ होतं. अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे (कणकेचे जाड गोळे) भाजत होते आणि त्यांचा वास सगळ्या गल्लीत सुटला होता. पाय धुऊन बसलो. नीलेश आला, पाया पडला. मुलगा थोडा अबोल, पण नजर सरळ. त्याच्या आईने चहा आणला, पोहे आणले आणि बशीत शिरा आणला. साजूक तुपातला, वर बदामाचे काप.

इथे माझं चुकलं. आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत रीत अशी की स्थळ पाहायला गेलेल्याने चहा घ्यावा, पोहे खावे, पण गोडाला हात लावू नये. गोड खाल्लं म्हणजे होकार दिला. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण पुतण्यांची स्थळं पाहत फिरलो तेव्हा रेणूची आई आत बायांत बसलेली असली तरी तिचा कान माझ्या ताटाकडे असायचा. बशी वाजली की ती आतून म्हणायची, "त्यायले गोड मना (मनाई) आहे हं." आज आतून कोणी बोललं नाही. मी बशी पुसून खाल्ली.

वसंतरावांनी मांडीवर थाप मारली. "चला, तोंड गोड झालं. मंग ठरलंच म्हणा. आता पोरीले राजीनामा द्यायले सांगा, म्हणजे लगनाच्या घाईत ते झंझट नको. नीलेश घरूनच काम करते, सून बी घरीच राहीन."

"नोकरीचंच इचारायले आलो होतो," मी म्हणालो.

"नोकरी तरी कायची आहे?"

"विमान बनवतेत. मोठं, सवारीचं. आपल्या देशाचं."

"होईन का ते?"

"मले माहीत नाई. तिले बी माहीत नाई. तिच्या हयातीत होईन न होईन."

वसंतरावांना बरंच वाटलं. "मंग झालं तर, पाव्हणे. जे होणारच नाई त्याच्यापायी घर काऊन अडवायचं?"

अक्काने इथेच माझं तोंड धरलं असतं.

"ते काऊन होऊन नाई राह्यलं हे मी आज येता येता इचारत आलो," मी म्हणालो. "जो तो मधातच उतरते, वसंतराव. कोनी पैशासाठी, कोनी लगनासाठी. माही पोरगी उतरली का तुमचं म्हणणं खरं होईन. अन् मंग तुम्हीच म्हणसान, पाहा, म्या म्हटलं होतं, झालं नाई."

"पण वर्ष सरून राह्यलं ना. मंग तीन वर्षं थांबा लागन."

"थांबू. तिची माय दुखण्यात होती तवा पोरगी रजा काढून उशाशी येऊन बसली होती. मायनं तिले म्हटलं, तिकडं तुहं काम खोळंबलं असन, जा. आयकलंच नाई कोनाचं, धाडून देलं. जीव गेला तवा पोरगी जवळ नव्हती. अन् आता त्याच बाईच्या वर्षाचं नाव सांगून मी पोरीले काम सोडायले लावू? ते मले होणार नाई."

बाहेर विस्तवात एक गोवरी खचली तेवढी ऐकू आली. नीलेशची आई दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "पण शिरा तर खाल्ला तुम्ही."

"भूक लागली होती, ताई. चुकलो. घरी माह्या हातचं खाऊन जीभ मेली माही. तुमचा शिरा पाहून राहवलं नाई."

तिने पदर तोंडाला लावला. हसली की रडली, मला दिसलं नाही. "मंग रोडगे खाऊनच जा," ती म्हणाली. "होकार असो का नकार असो, रोडगे तर भाजून झाले."

जेवायला बसलो. रोडगा फोडून त्यावर वरण, त्यावर तूप, बाजूला वांग्याची भाजी. असं जेवण माझ्या पोटात कित्येक महिन्यांत गेलं नव्हतं. नीलेश वाढत होता. माझ्या ताटात वरण वाढता वाढता बापाकडे न पाहता म्हणाला, "बाबा, माहं काम कुठूनही होते. मी बंगळूरले राह्यलो तर?"

वसंतरावांचा घास हातातच राहिला. "हे पहिले काऊन नाई बोलला?"

"तुम्ही इचारलं नाई."

"आता बोलला ना," मी म्हणालो. "तूप वाढ."

फाट्यापर्यंत सोडायला वसंतराव एकटेच आले. जीप दिसायला लागली तेव्हा म्हणाले, "विमानाचं मले काई नाई हो. होवो बापडं. पण पोरगं गेलं का आम्ही दोघंच या घरात. संध्याकाळी कोनाशी बोलायचं?"

त्या माणसाचा मला एकदम लोभ वाटला. इतका वेळ मी त्याच्याशी विमानावरून भांडलो, आणि तो घाबरत होता रिकाम्या घराला.

"ते मले इचारा," मी म्हणालो. "रिकाम्या घरात मीच राहून राह्यलो. जमत नाई. पण पोरीले बोलावून घेतलं तरी ते भरणार नाई, येवढं मले समजलं. जे माणूस गेलं त्याची जागा पोरं भरून काढत नाईत. तुम्ही तर दोघं आहा. एकमेकासंगं बोला."

"पाहू," ते म्हणाले. त्याहून जास्त काही नाही.

परतीच्या वाटेवर घाट चढताना मी कोणाला काही विचारलं नाही. मला माझ्यापुरतं उत्तर मिळालं होतं. आपलं मोठं विमान होईल का, हे मी सांगू शकत नाही; मोठमोठ्यांना सांगता येत नाही तिथे माझी काय कथा. पण ते व्हायला काय लागेल ते कळलं. आपल्या हयातीत होणार नाही हे माहीत असून रोज सकाळी जाऊन एक तुकडा मोडणारी माणसं लागतील, आणि त्यांना परत बोलावणार नाहीत अशी घरं लागतील. फौजी दम म्हणाला होता. तो निम्मा आम्हा म्हाताऱ्यांनाच धरावा लागणार आहे.

मेहकरला पोचलो तेव्हा बरीच रात्र झाली होती. रेणूला फोन करून सगळं सांगितलं, शिऱ्यासकट. ती म्हणाली, "आईनं मले धाडलं तवा मले लय राग आला होता तिचा."

"मले बी आला होता," मी म्हणालो. "अजून येते कधी कधी."

अक्का माझ्याशी बोलेनाशी झाली. तिच्या मते स्थळ मीच घालवलं. मलाही तसंच वाटू लागलं होतं. मग एका सकाळी वसंतरावांचा फोन आला. ना रामराम, ना काही.

"पाव्हणे, बंगळूरले थंडी किती असते?"

"मले काय माहीत. मी कुठं गेलो तठी?"

"नाई, म्हटलं पोरगं राहणार तठी, तर गोधड्या किती देवा लागतीन. घरची (बायको) इचारून राह्यली."

मी खुर्ची ओढली, बसलो. विचारलं, "मंग जाऊन पाहायची का जागा? लगनाच्या अगोदर?"

"चाला ना. दोघं जाऊ," वसंतराव म्हणाले. "कायनं जायचं? विमानानं?"

"आपलं होईपर्यंत रेल्वेनं," मी म्हणालो.