तिसऱ्या गिअरची चढण

निखिलचा फोन आला तेव्हा मी दीक्षितपुऱ्यातल्या माझ्या घरी भाजी निवडत बसले होते. निखिल माझ्या बहिणीचा मुलगा, इथे आमच्या हिंदी मुलखात वाढलेला, आता पुण्यात नोकरीला. मराठी सगळं कळतं त्याला, पण तोंड उघडलं की हिंदीत घसरतो. "मौसी, आई नहीं रही," एवढंच म्हणाला. ही बातमी येणार हे माहीत असूनही मी त्याला विचारलं, "म्हणजे?"... अशा वेळी माणूस किती खुळ्यासारखं बोलतो. चेरीतालला ताईच्या घरी पोचले तर सुनंदाताई आतल्या खोलीत निजवलेली, आणि भाऊजी अंगणात आपल्या जुन्या मोटरसायकलपाशी उभे. लोक येत होते, खांद्यावर हात ठेवत होते, आणि हे आपले सीटवरची धूळ तळहाताने पुसत होते. मला त्यांचा असा संताप आला! आता दीड महिना होऊन गेला. संताप गेलेला नाही, फक्त तो नेमका कोणावर आहे हे मला कळेनासं झालंय.

आम्ही दोघी बहिणी आईच्या चणीच्या, अंगाने भरलेल्या. ताई सरकारी शाळेत गणित शिकवायची, हसायला लागली की सगळी हलायची. भाऊजींचा जन्म फॅक्टरीत लेथ मशीनवर गेला, अंगाने काटकुळे. "हे एक अन् मी शून्य," ताई सांगायची, "मी शेजारी बसली म्हणून यांची किंमत दहा झाली." दोघं रिटायर झाल्यावर दर मंगळवारी मदन महालच्या टेकडीवर देवीला जायचा त्यांचा नेम होता. गाडी शंभर सीसीची, वयाने थकलेली. अर्ध्या चढणीवर तिला धाप लागायची, मग ताई उतरायची आणि दुखऱ्या गुडघ्यांनी, निऱ्या उचलून, उरलेला चढ पायी चढायची. भाऊजी वर जाऊन मान खाली घालून थांबलेले. ती पोचायची ती हसतच, पण बायकोला अर्ध्यात उतरवावं लागतं हे त्या माणसाच्या जिव्हारी लागायचं.

निखिलने फोनवर धोशा लावला होता की जुनी एक्सचेंजमध्ये द्या आणि नवं मॉडेल घ्या. एकदा ताई, भाऊजी आणि मी मिळून शोरूममध्ये गेलोसुद्धा. गाड्या दिसायला झकास, पण मागची सीट उंच, अरुंद आणि पुढे उतरती. ताई साडीत, एका बाजूला पाय सोडून बसणारी. तिला दोन्हीकडून धरून चढवलं तर ती घसरून भाऊजींच्या पाठीवर. "ही सीट आहे का खिडकीचा छज्जा? मी नाही बा बसत याच्यावर," म्हणाली. विक्रेत्या पोराने दोन्हीकडे पाय टाकून बसायचा सल्ला दिला, तेव्हा तिने वर्गात गृहपाठ न आणलेल्या मुलीकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. नवी गाडी तिथेच बारगळली. बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "चलो, मग हिचाच पिकअप वाढवतो. काहून नाही वाढणार?"

आणि मग ते त्या गाडीच्या मागेच लागले. कार्बोरेटर खोलून साफ केला, क्लच प्लेटा बदलल्या, एअर फिल्टर बदलला. दर मंगळवारी परीक्षा टेकडीवर, आणि पाठीमागे ताई. "आज माझी लोड टेस्ट आहे," असं सांगून ती मला फोन करायची. गाडी कधी अर्ध्या चढणीवरच्या कडुनिंबापर्यंत जायची, कधी त्याच्या जरा वर. शेवटी भाऊजींनी पुढची गरारी, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, एका दाताने लहान बसवली. त्याने वेग मरतो पण जोर वाढतो, असं मला कागदावर काढून समजावलं होतं. त्या मंगळवारी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये थेट देवळापर्यंत चढली. दोघं तिथून तडक माझ्याकडे आले, खोव्याची जिलबी घेऊन. "एकदाही उतरली नाही," भाऊजी मला सांगत होते, आणि त्यांचा चेहरा असा उजळलेला मी त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता. ताईने अर्धी जिलबी खाल्ली आणि बशी सरकवली. जिलबीला नाही म्हणणारी ही कोण, म्हणून मी तिला चिडवलं. ब्लाऊजसुद्धा आत घ्यावे लागून राहिले, असं तिने कौतुकाने सांगितलं, आणि आम्ही तिघंही त्यावर खूश झालो.

त्यानंतर गाडी दर आठवड्याला अधिकच चांगली चढायला लागली. नवी गरारी आता रुळून राहिली आहे, असं भाऊजींचं म्हणणं. मग ताईचं पोट दुखायला लागलं, घरगुती काढे झाले, आणि अखेर मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. रिपोर्ट बघत त्यांनी विचारलं, "वज़न कब से गिर रहा है?" भाऊजी भिंतीकडे बघत म्हणाले, "जी... जब से गाड़ी चढ़ने लगी." डॉक्टरांना काही उमगलं नाही. मला उमगलं. बाहेर आल्यावर ताई नवऱ्याला म्हणाली, "जाऊ द्या, पिकअप तर आला." तिच्या त्या विनोदावर आम्ही कोणी हसलो नाही. पुढचे महिने मी लिहिणार नाही. बसता येत होतं तोवर ती त्याच गाडीवरून दवाखान्यात गेली, आणि गाडी नुसती उडत होती. मला ते बघवत नसे... देवा, तुला काही दुसरी तऱ्हा सुचली नाही?

तेरावं आटोपल्यावर निखिलने गाडी एक्सचेंजला द्यायचं ठरवलं. आता सीट कशीही असली तरी अडणार कोणाचं होतं? भाऊजींनी एकच मंगळवार मागून घेतला आणि माझ्याकडे आले. पाण्याचा पेला हातात तसाच धरून म्हणाले, "वंदना, तू अन् ती एकाच वजनाच्या होत्या, आधी. एकदा मागे बसशील काय?"

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. "तुला घेऊन गाडी तिसऱ्यात चढली, तर गरारीनेच काम केलं होतं अन् मी फसलो यात माझा दोष नाही." मी विचारलं, "अन् नाही चढली तर?"

"तर गाडी मला दर मंगळवारी सांगून राहिली होती," ते म्हणाले, "अन् मी जिलबी वाटून राहिलो होतो."

मी त्यांना परोपरीने सांगितलं की याने ताई परत येणार नाही, आजार आधीच पोटात होता, कोणालाच कळला नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "बसशील काय?" आता हा माणूस खचला तर उठणार नाही हे मला दिसत होतं, आणि नाही म्हटलं तर जन्मभर मनाशी हाच हिशेब मांडत बसेल हेही दिसत होतं.

मंगळवारी गेलो. मी त्यांच्या मागे कधी बसले नव्हते, कॅरिअर घट्ट धरलं होतं. चढण लागली. सुरुवातीला गाडी बरी चालली आणि मी मनातल्या मनात त्या लोखंडाच्या हातापाया पडले, चढ ग बाई, एवढी एकदा चढ. कडुनिंब मागे पडला, आणि इंजिनाचा आवाज जड झाला. भाऊजींनी गिअर उतरवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या वजनाची लाज वाटली. तेवढ्यात ते, मान न वळवता, अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "सुनंदा, थोडी समोर सरक."

मी सरकले. त्यांच्या पाठीला कपाळ टेकवलं, श्वास रोखून धरला. गाडी थरथरली, दोनदा आचके दिले आणि बंद पडली. भाऊजींनी दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि ब्रेक दाबून तसेच उभे राहिले. मला उतर म्हणाले नाहीत.