उलट्या आट्यांचा नट

मागच्या वर्षी नवरात्र बसलं तेव्हा गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली होती, आणि मला त्या चाकांचीच भीती वाटायला लागली होती. कुणाला सांगावं कळत नव्हतं, कारण चाकं पप्पांनी स्वतः बसवली होती.

गाडी जुनी, इंग्लंडमध्ये बनलेली, दोन माणसांपुरती. लांब नाक, बुटकी पाठ, वर कापडाचं छप्पर. कोडोलीच्या एका गुऱ्हाळाच्या शेडमध्ये ती चिपाडाखाली सापडली. गुऱ्हाळाच्या मालकाच्या वडिलांनी कधीतरी तिथं लावून ठेवली होती. का लावली, पुन्हा का काढली नाही, हे त्यांच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. पप्पांनी चिपाड बाजूला करून तिचं एक चाक पाहिलं आणि जेवायचंही विसरले.

आमचं वर्कशॉप उद्यमनगरात आहे; गाडी ओढून तिथं आणली. तिथं पंपांचे आणि इंजिनांचे सुटे भाग लेथवर तयार होतात. पुण्याची नोकरी सुटल्यावर मी घरी आले होते. दुसरी मिळेपर्यंत, असं सगळ्यांना सांगत होते. घरी मला एका जागी बसवत नव्हतं. पुस्तक उघडायचं, मिटायचं, फोन बघायचा, गॅलरीत जायचं, परत यायचं. शेवटी आई म्हणाली, ‘‘फेऱ्या मारायच्याच असतील तर शॉपवर जाऊन मार की. तिथं जागा मोठी हाय.’’

म्हणून मी गाडीवर काम करायला लागले. काम म्हणजे स्क्रू रॉकेलमध्ये धुणं, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावणं, आणि काहीही खोलायच्या आधी फोनवर फोटो काढणं. बोलायची वेळ कमी यायची, ते मला बरं होतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात आईसुद्धा इकडच्या बायकांसारखं ‘मी येतो, मी करतो’ म्हणते, मी ‘येते, करते’ म्हणते, आणि शॉपवर तोंड उघडलं की आजूबाजूचे लोक माझ्याकडे पाहुणीसारखे बघतात. त्यामुळे मी मान हलवून भागवायचे.

पत्र्याचं काम मिस्त्री करायचे. ते पप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांच्या घरात तीन पिढ्या गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग चालतं. मी त्यांना चाचा म्हणते. पप्पा आणि चाचा दिवसभर भांडत काम करायचे. दार बसलं नाही की पप्पा म्हणायचे, पत्रा वाकडा; चाचा म्हणायचे, बिजागरी वाकडी.

‘‘तुझी नजरच वाकडी हाय,’’ पप्पा म्हणायचे.

‘‘म्हणून तर तुझ्यासंगं दोस्ती केली.’’

आता चाकांचं. या गाडीची चाकं तारांची, सायकलसारखी. आपल्या गाड्यांना चाकाला चार-पाच बोल्ट असतात. हिला मधोमध एकच मोठा नट, त्याला बाहेर आलेले दोन कान. त्या कानांवर तांब्याच्या हातोड्यानं ठोकून तो आवळायचा. एका बाजूच्या नटांना सरळ आटे, दुसऱ्या बाजूच्यांना उलटे. जुने नट तडकले होते. पप्पांनी फौंड्रीतून नवे ओतून आणले, आटे स्वतः पाडले आणि चकचकीत पॉलिश केले. ज्यावर नट बसतो ते हबही नवे केले. शेजारच्या शॉपचे काका ते नट हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले, आणि पप्पा मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले.

बसवताना मात्र पप्पांनी बाजू बदलल्या. डावे हब उजवीकडे, उजवे डावीकडे.

मी फोनवरचा फोटो दाखवला. ‘‘पप्पा, आधी असं नव्हतं.’’

‘‘आधी चुकीचं होतं,’’ पप्पा म्हणाले. ‘‘हे बग. चाक पुढं असं फिरतंय. नट बी त्याच अंगानं आवळला पायजे. म्हंजे गाडी जेवढी पळंल तेवढा नट घट्ट. फोटोत बग, चाक फिरतंय त्याच अंगानं नट सुटणार. कुणीतरी उलटं बसिवलंतं. म्हणून तर त्यानं गाडी गुऱ्हाळात टाकली.’’

ऐकायला ते बरोबर वाटतं. अजूनही वाटतं. शेजारच्या काकांनी मान डोलवली, चाचांनीही डोलवली. मीही मान हलवली, सवयीनं, आणि घरी गेले.

घरी मला चैन पडेना. जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या परदेशी लोकांनी लिहिलेलं मी वाचत बसले. सगळे एकच सांगत होते: मूळची बाजूच बरोबर. नटाचं तोंड चाकाच्या तोंडावर बसतं आणि त्याच्यापेक्षा केसभर मोठं असतं. गाडीचा भार खालच्या बाजूला येतो, आणि चाक पुढं फिरताना नट त्याच्यावर कणाकणानं मागं सरकत राहतो. म्हणून मागं सरकताना आवळेल, असाच तो लावायचा. डोक्यात मला ते कळलं होतं. इंग्रजीत कळलं होतं. मराठीत सांगायला गेले की दुसऱ्या वाक्याला अडकायचे.

तरी सांगितलं. पप्पा लेथवर होते. त्यांनी मशीन बंदही केलं नाही. ‘‘नेटवर काय बी लिवत्यात,’’ ते म्हणाले. ‘‘चाक पुढं जातंय आन नट मागं? नट काय रुसून बसलाय व्हय?’’

चाचा हसले. मला हसू आलं नाही, कारण दसऱ्याचा बेत ठरला होता. दसऱ्याच्या सकाळी पप्पा आणि चाचा गाडी घेऊन पन्हाळ्यावर जाणार होते. अख्ख्या उद्यमनगराला ते माहीत होतं. चहावाल्यालाही माहीत होतं. आणि मला डोळे मिटले की घाटातलं ते वळण दिसायचं, कठड्याच्या पलीकडे सरळ खाली गेलेलं. उतारावर ब्रेक दाबला, आणि पुढचं चाक गाडीला सोडून एकटंच पुढं निघालं. मला तेच चाक पुन्हा पुन्हा दिसत होतं. जेवताना, केस विंचरताना. आईनं विचारलं, ‘‘काय झालंय?’’ मी म्हटलं, काही नाही.

माझं चुकतही असेल. तेच तर मला छळत होतं. पप्पांनी जन्मभर आटे पाडलेत. मी नुसतं वाचलं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी शॉपवर गेले. पर्समधलं लाल नेलपॉलिश काढलं आणि चारही चाकांवर, नटाच्या कानापासून चाकाच्या मधल्या पत्र्यावर जाईल अशी एकेक सरळ रेघ ओढली. नट हलला तर रेघ तुटणार. फुंकर मारून वाळवली. मग उगाच झाडू घेऊन आधीच स्वच्छ असलेली जागा झाडली.

पप्पा आल्यावर गाडी पेट्रोल भरून आणायला घेऊन गेले. जाताना शिरोलीच्या रस्त्यावर जरा पळवून आले, ब्रेक दाबून बघितले. परत आल्यावर चेहरा असा होता, जणू पन्हाळा आत्ताच झाला.

लगेच पूजा. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. पाने, हातोडे, छिन्न्या, कॅलिपर, सगळं पुसून पाटावर मांडायचं, हळद-कुंकू, झेंडूची फुलं, नारळ. एकदा पूजा झाली की दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. ती त्यांची सुट्टी. वीज गेली, मशीन अडलं, गिऱ्हाईक दारात रडलं, तरी नाही. चाचांचा पत्रा ठोकायचा हातोडाही दरवर्षी त्याच पाटावर असतो. गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. आरती झाली, पेढे वाटले.

मग मी वाकून रेघ बघितली.

तुटली होती. कानावरचा लाल तुकडा एकीकडे, पत्र्यावरचा दुसरीकडे, मध्ये नखाएवढं अंतर. दुसऱ्या चाकाचीही. तिसऱ्याची थोडी. चौथ्याची जागेवर होती.

मी तिथंच बसून राहिले. मागं चार शॉपची माणसं पेढे खात उभी होती. मी चाचांच्या बाहीला हात लावला आणि रेघ दाखवली. त्यांनी गुडघे टेकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

‘‘मला काय सांगतीस?’’ ते हळूच म्हणाले. ‘‘त्याला सांग.’’

‘‘तुम्ही सांगा ना.’’

‘‘रेघ कुणी वडली?’’

मी पप्पांकडे गेले. ‘‘पप्पा, नट सुटतायत.’’ माझा आवाज एवढा बारीक आला की त्यांना ‘काय’ म्हणावं लागलं. मग मी मोठ्यानं म्हटलं, आणि सगळे वळले.

पप्पा वाकले. अंगठ्यानं रेघ घासली. ‘‘पॉलिश वाळलं नसंल. पसरलंय.’’

चाचांनी नखानं खरवडलं. ‘‘वाळलंय. लई चिवट हाय.’’

‘‘मग ठोकायला कमी पडलं आसंल.’’

‘‘तू आन कमी ठोकतोस?’’

पप्पा पुढच्या चाकाकडे गेले, मग मागच्या. चौथ्यापाशी थांबले. ‘‘ह्ये बग. ह्ये हाललं न्हाय.’’

‘‘तीन हालल्यात की,’’ चाचा म्हणाले.

आता काढून बघायचं तर हातोडा पाटावर, कुंकू लावलेला. चाचांनी पाटाकडे पाहिलं. ‘‘माझा हातोडा घे. मला काय पाप लागायचं?’’

‘‘त्याला बी मीच कुंकू लावलंय,’’ पप्पा चिडून म्हणाले. ‘‘दसरा झाल्याबगार न्हाय.’’ मग गाडीकडे न बघता, ‘‘उद्या हळू जाऊ. वर गेल्यावर बघू. एवढ्या लोकास्नी सांगितलंय.’’

चाचांनी खांदे उडवले. पप्पा हळू जाऊ म्हणाले की ते नेहमीच असे खांदे उडवतात आणि मग बरोबर जातात. लहानपणापासून तसंच चाललंय, असं आई म्हणते.

मला कसं सुचलं ठाऊक नाही. ‘‘मग चाचांच्या जागी मी बसते,’’ मी म्हटलं.

‘‘तू न्हाय बसायचं,’’ पप्पा लगेच म्हणाले.

‘‘का?’’

पप्पांनी कपाळ चोळलं. त्यावरचं कुंकू पुसलं गेलं तरी त्यांना कळलं नाही.

‘‘आयला,’’ चाचा म्हणाले, ‘‘म्हंजे मी बसलो तर चालतंय व्हय रं?’’

कुणीतरी फसकन हसलं. पप्पा हसले नाहीत. त्यांनी गाडीची चावी काढली, खिशात घातली, आणि हात धुवायला गेले. नळ बराच वेळ वाहत होता.

दसऱ्याच्या सकाळी गाडी शॉपच्या दारात उभी होती, हार घातलेली, जागची न हललेली. लोक येऊन बघून जात होते. मी आत, रॅकच्या मागं, पुसलेले स्क्रू पुन्हा पुसत होते. आपण बरोबर ठरलो याचा आनंद व्हायला हवा होता. पण पप्पा बाहेर खुर्चीवर बसले होते, आणि येणारा प्रत्येक जण तेच विचारत होता.

शेजारचे काका आले. ‘‘काय पावणं, गाडी पूजेपुरतीच व्हय? पन्हाळा इकडं येणार हाय का तुमच्याकडं?’’

पप्पा काहीही सांगू शकले असते. पेट्रोल गळतंय, बॅटरी उतरलीय. मी तेच ऐकायच्या तयारीत होते.

‘‘हब उलटं बसिवलं मी,’’ पप्पा म्हणाले. मोठ्यानं, नेहमी भाव सांगतात तसं.

‘‘तुम्ही? आन उलटं?’’ काकांना ते पटेना. ‘‘तुम्ही सांगिटलं तेच बरोबर हाय की. चाक पुढं, नट पुढं.’’

‘‘मला बी तसंच वाटतंय अजून,’’ पप्पा म्हणाले. ‘‘पर नटाला वाटत न्हाय.’’ मग मान वळवून आत ओरडले, ‘‘ए पोरी! भायेर ये. ह्यास्नी सांग, कसं ते.’’

मी हातातला स्क्रू डब्यात टाकला. बाहेर पाच-सहा जण होते, चाचा होते, चहावाला होता. एवढ्या लोकांसमोर मी कधी सलग दोन वाक्यं बोलले नव्हते. पहिलं वाक्य इंग्रजीत निघालं. थांबले. पाय जागेवर राहत नव्हते. मग डाव्या हाताची सैल मूठ केली, उजव्या हाताचं बोट तिच्यात घातलं आणि फिरवलं. म्हटलं, हे बोट म्हणजे चाक, ही मूठ म्हणजे नट, आणि गाडीचा सगळा भार इथं, खाली.

‘‘बोट पुढं चाललंय,’’ काका म्हणाले. ‘‘मूठ मागं कशाला यील?’’

‘‘येते. थोडी थोडी येते. बघा.’’

‘‘मला न्हाय दिसली.’’

‘‘मला दिसली,’’ चहावाला म्हणाला.

‘‘तू गप. तू च्या ओत.’’

पप्पा स्वतःची मूठ करून, स्वतःचं बोट तिच्यात घालून, एकटेच फिरवून बघत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘परत सांग. जरा जोरात.’’ मी घसा साफ केला आणि परत पहिल्यापासून सांगायला लागले.