उद्याच्या भाडेकरूंची माती

मातीच्या नमुन्यांचं एक बरं असतं. बरणीवर लेबल लावायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं, तीन महिन्यांनी मुदत संपली की फेकून द्यायचं. किस्स्यांना तशी मुदत नसते. ते नुसते साठत जातात. रविवारी दुपारी कुणाकडे जेवायला जमलो की कोणीतरी म्हणतंच, "अनघा, तुमच्या त्या साइटचं सांग ना!" मी सांगते, सगळे हसतात. मीही हसते. पण खरं सांगू? घडत होतं तेव्हा आमच्यापैकी एकालाही हसू येत नव्हतं. आम्ही घाबरलो होतो.

आमची कंपनी लहान. ऑफिस दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये, काम माती आणि जमिनीखालचं पाणी तपासायचं. साइट होती दुसऱ्या एका अमिरातीत. तिचं नाव मी सांगत नाही. जुन्या वर्कशॉपची वस्ती. कोणी बॅटऱ्या फोडत होतं, कोणी इंजिनचं जळकं ऑइल साठवत होतं, कोणी रंगाचे पिंप धूत होतं. सगळं वर्षानुवर्षं वाळूत मुरलेलं. दरम्यान शहर वाढत वाढत त्या वस्तीच्या चारही बाजूंना येऊन ठेपलं. मग म्युनिसिपालिटीने ठरवलं, इथे बिल्डिंगा, बाग आणि शाळा करायची.

प्रश्न एकच होता. माती साफ करायला पैसे कोण देणार?

*

पहिल्या मीटिंगला मी, आमचे बॉस वैद्य सर, आमचा सेफ्टी ऑफिसर सिरिल, बँकेचा एक माणूस आणि म्युनिसिपालिटीची इंजिनिअर मरियम. सिरिल वसईचा. बोलायला बसला की अजून वसईतच असतो.

मरियमने बोर्डावर दोन रेघा काढल्या. इथे घरभाड्यावर एक फी लागते, लाइट-पाण्याच्या बिलातून कापली जाते. ती म्हणाली, "आज या वस्तीतून समजा दहा दिरहम येतात. बिल्डिंगा झाल्यावर शंभर येतील. दहा नेहमीसारखे आमच्या तिजोरीत. वरचे नव्वद पंधरा वर्षं वेगळ्या खात्यात. त्या नव्वदांच्या भरवशावर बँक आज कर्ज देईल, त्यातून माती साफ."

सिरिल माझ्या कानात म्हणाला, "म्हणजे जो भाडेकरू अजून आलाच नाही, त्याच्या खिशातून आज खड्डा खणायचा!"

बँकवाला मात्र शांतपणे लिहीत होता. त्याने मान वर केली. "बिल्डिंगा झाल्या नाहीत तर फी नाही. फी नाही तर कर्ज बुडालं. बिल्डिंगांना परवानगी कशावर?"

"माती साफ झाल्याच्या रिपोर्टवर," मरियम म्हणाली.

"रिपोर्टवर सही कोणाची?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

*

चहावरून कोयाका आठवले. वस्तीच्या तोंडाशी त्यांचं कॅफेटेरिया होतं. बावीस वर्षं तिथेच. मी आणि सिरिल पहिला आठवडाभर रोज तिथे चहा प्यायचो.

एक दिवस म्युनिसिपालिटीचा माणूस आजची फी मोजायला आला. आजचा आकडा जितका कमी, तितकी पुढची वाढ जास्त, म्हणून प्रत्येक पडीक दुकान पाहून तो खूश! कोयाकांचं भाडं ऐकून तर त्याने त्यांच्याशी हातच मिळवला.

कोयाका म्हणाले, "बाईस साल में पहली बार किसी को मेरी गरीबी पसंद आई!"

त्या माणसाने पाण्याचं बिल पाहिलं. "इतना कम?"

"पीने का पानी टँकर का," कोयाका अभिमानाने म्हणाले. "ग्लास धोने को पीछे अपना बोरवेल है ना!"

मी हातातला ग्लास हळूच खाली ठेवला. सिरिलने बोटांवर मोजायला सुरुवात केली. आठवडाभरात माणशी अकरा चहा. तो पांढराफटक पडला. म्हणाला, "अनघा, आपण सॅम्पल घ्यायला आलो होतो. आपणच सॅम्पल झालो!"

बोअरच्या पाण्यात ऑइल निघालं, शिसंही निघालं. आम्ही रक्त तपासून घेतलं. तीनशे साठ दिरहम, म्हणजे साडेआठ हजार रुपये. त्या चार दिवसांत मी जेवताना जिभेला चव लागते का, बोटांना मुंग्या येतात का, हेच पाहत होते. आमचे रिपोर्ट बरे आले. कोयाकांचा बरा आला नाही. शिसं बरंच जास्त होतं. औषधं सुरू झाली आणि त्यांनी दुकान उचलून बहिणीच्या मुलाकडे अजमानला नेलं. जाताना बोअरच्या तोंडावर त्यांनी स्वतः सिमेंट ओतलं. वर बोटाने काहीतरी मल्याळममध्ये लिहिलं. सिरिलने विचारलं, काय लिहिलंय?

"'सॉरी'," ते म्हणाले. "बाईस साल के कस्टमर को."

*

माझ्या नवऱ्याची नोकरी त्याच वर्षी गेली. घर माझ्या व्हिसावर आलं. म्हणजे माझी नोकरी गेली तर नुसता पगार जाणार नव्हता, आम्ही तिघंही जाणार होतो. इरा, आमची लेक, इथेच वाढलेली. तिला सांगलीला सुटीत जायला आवडतं, राहायला नाही.

मी साइटवरून आले की बूट दाराबाहेर, कपडे वेगळ्या पिशवीत, सरळ आंघोळ. तोवर तिला जवळ येऊ द्यायची नाही. एकदा दाराच्या फटीतून डोळा लावून तिने विचारलं, "आई, आर यू डेंजरस?"

शाळेत 'माझी आई काय करते' यावर बोलायचं होतं. टीचरने मला दाखवायला तिचा कागद जपून ठेवला होता. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं : माझी आई विषाबरोबर काम करते. बाबा म्हणतात, व्हिसासाठी.

*

आता गुल खानचं. एक्स्कॅव्हेटर चालवणारा पठाण. उंच, कमी बोलणारा. सकाळी दहाच्या सुमारास तो एका खड्ड्यात बकेट घालत होता आणि खालून 'ठण्ण' असा आवाज आला. पुरलेला पिंप! पाठोपाठ फुस्स. माझ्या कमरेचं गॅस मीटर किंचाळायला लागलं.

"यल्ला! भागो!" सिरिल ओरडला. वाऱ्याची दिशा पाहून आम्ही सगळे उलट्या बाजूला पळालो. साठेक पावलांवर थांबून माणसं मोजली. एक कमी.

गुल खान केबिनमध्येच होता. डोकं काचेला टेकलेलं.

अशा वेळी काय करायचं, याचं ट्रेनिंग सिरिल दर सोमवारी द्यायचा. पाठीवर हवेची टाकी लावल्याशिवाय कोणालाही वाचवायला जायचं नाही, कारण मग उचलायला दोन माणसं होतात. त्याने टाकी चढवली, मास्क लावला आणि धावला. मी मीटर हातात धरून उभी. मला त्याची पाठ दिसत होती. त्याने दार उघडलं, गुल खानला काखेत धरून खाली ओढलं, फरफटत आणलं. किती वेळ गेला असेल? मला विचाराल तर एक अख्खा उन्हाळा.

गुल खानने उलटी केली, डोळे उघडले, आणि पहिलं वाक्य, "मशीन बंद किया? डीज़ल जल रहा होगा!" दोन दिवस हॉस्पिटलात राहून तो घरी गेला.

सिरिल मात्र वाळूत बसला होता. पाण्याच्या बाटलीचं झाकण त्याला उघडता येईना. मी उघडून दिलं. म्हटलं, "सिरिल, शाब्बास. सगळं अगदी नियमाने केलंस."

त्याने पाठीवरची टाकी काढून माझ्यापुढे ठेवली.

"व्हॉल्व्ह बघ," तो म्हणाला. "उघडायलाच विसरलो. श्वास धरून गेलो आणि श्वास धरून आलो."

पुढच्या सोमवारी त्याने ट्रेनिंग घेतलं नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी घेतलं, तेव्हा सगळ्यांत आधी हेच सांगितलं. कोणी हसलं नाही. गुल खान पहिल्या रांगेत बसला होता.

*

सगळ्यांत जास्त भीती मात्र मला एसीच्या गारव्यात, खुर्चीत बसून वाटली.

शाळेच्या प्लॉटचे आकडे आले आणि ते वाईट होते. वरची माती बदलली होती, पण खालून वाफ येत होती. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'इथे मुलांचा वावर नसावा. आणखी तपासणी आवश्यक.'

वैद्य सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वाईट माणूस नव्हे. माझ्या नवऱ्यासाठी चार ठिकाणी शब्द टाकलेला माणूस. ते म्हणाले, "अनघा, फक्त ती दोन वाक्यं काढ. बाकी आकडे राहू देत, ज्याला वाचायचे तो वाचेल. शाळा नाही तर फॅमिली फ्लॅट विकले जाणार नाहीत, ते नाहीत तर फी येणार नाही, मग उरलेली माती तशीच पडून राहील. तुझ्या दोन वाक्यांनी सगळीच साफसफाई थांबेल!"

भीती त्याचीच होती की त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

मी मरियमला भेटायला गेले. तिने गहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतली, मला खजूर दिला. मी दोन्ही बाजू सांगितल्या. ती इंग्रजीत म्हणाली, "तुझ्या मुलीला तिथे खेळू देशील?"

"नाही."

"मग तेच लिही, हबीबती. प्रोजेक्ट वाचवायचं काम माझं. घाबरायचं काम तुझं. ते तू नीट कर."

मी वाक्यं ठेवली. शाळेची जागा पार्किंगला गेली, शाळा पलीकडच्या कोपऱ्यात सरकली. बँकेने सगळा हिशेब पुन्हा मांडला. वैद्य सर तीन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी घरी बॅगा कुठे आहेत ते पाहून ठेवलं.

चौथ्या आठवड्यात त्यांनी बोलावलं. "बँकेने विचारलं, ती दोन वाक्यं लिहिणारी बाई कोण?"

"मग?"

"म्हणाले, यापुढे प्रत्येक रिपोर्टवर तिचीच सही पाहिजे!"

त्या रात्री नवऱ्याने श्रीखंड आणलं. मला एक घास गेला नाही.

*

शेवटचा किस्सा मी सहसा सांगत नाही.

पहिली बिल्डिंग झाली. तळमजल्यावर सेल्स ऑफिस आणि एक सजवलेला फ्लॅट. तिथली हवा तपासून सही केली की कर्जाचा शेवटचा हप्ता सुटणार आणि लोक राहायला येणार. मी आणि सिरिल सकाळी पोचलो.

दार उघडलं ते एका मराठी मुलीने. सानिका. शारजात जन्मलेली, इथलीच, पहिली नोकरी. "काकू, या ना! यू आर फ्रॉम द टेस्टिंग कंपनी, राइट?" दोन महिने ती एकटीच तिथे बसत होती. नऊ ते सहा.

आत बखूर जळत होतं. निखाऱ्यावरचा तो गोड, जड धूर. आमच्या मशीनला धूर चालत नाही. मी म्हटलं, "सानिका, हे विझव बाई. दारं-खिडक्या उघड. तासाभराने मोजू."

तिने विझवलं, सगळं उघडलं. मग आम्ही नियमाप्रमाणे खिडक्या लावल्या, मशीन सुरू केलं. हॉल, शून्य. बेडरूम, शून्य. किचन, बाथरूम, सगळीकडे शून्य. मी पुन्हा मोजलं. पुन्हा शून्य! इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझे खांदे खाली आले. सिरिलने छातीवर क्रूसाची खूण केली. मी सेल्स ऑफिसच्या टेबलावर बसून फॉर्मवर सही केली, शिक्का मारला. सिरिलने तो फाइलमध्ये घातला.

"काँग्रॅच्युलेशन्स, काकू!" सानिका म्हणाली आणि निखारा पुन्हा पेटवायला लागली.

"अगं, आता कोणी यायचंय का?" मी सहज विचारलं. "कोणी नसताना कशाला जाळतेस?"

"रोजच लावते, काकू," ती फुंकर घालत म्हणाली. "नाही लावलं ना, तर दुपारनंतर तो वास यायला लागतो. मग माझं डोकं दुखतं."

मी घड्याळ पाहिलं. अकराच वाजले होते.

सिरिलने फाइल उघडली, माझा सही केलेला कागद काढला, आणि माझ्या हातात परत दिला.